०.१ मिलि पुरतं ते कुणाच्या जोरावर

कुत्रं चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, दोन्ही दंडांवर बारीक सुईने ०.१-०.१ मिलि रेबीजची लस टोचून घेतो आणि निघताना कुरकुरतो, "एवढीशीच? प्रायव्हेटमंदी त पुरी बाटली देतेत." सरकारी आहे म्हणून हात आखडता घेतला, हा संशय मेळघाटापासून सिरोंच्यापर्यंत सारखाच ऐकू येतो. त्यावर "वरून तसाच आदेश आहे" हे उत्तर खरं असलं तरी कुणाचं समाधान करत नाही. खरं कारण त्या पेशंटच्याच कातडीत आहे. डेन्ड्रायटिक पेशी नावाची, फांद्या फुटल्यासारखी दिसणारी एक पेशी तिथे दाटीने राहते. लस कुठल्याही रोगाची असो, शरीराने तिची दखल घ्यायची की नाही हे बहुतांशी तीच ठरवते.

याच पेशीच्या नावाने शहरांत कॅन्सरचे उपचारही विकले जातात. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत गावात पोचते आणि पेशंटच्या घरचे सातबारा काढून हिशोब करायला बसतात. दंडावरची सुई नीट समजली तर त्या जाहिरातीत खरं किती आणि फुगवलेलं किती हे ओळखणं सोपं जातं, म्हणून दोन्ही विषय इथे एकत्र घेतले आहेत.

इतिहास थोडक्यात. १८६८ साली बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लांगरहान्सने माणसाच्या कातडीला सोन्याच्या क्षाराने रंगवून पाहिलं, तेव्हा वरच्या थरात या फांद्यांच्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूच्या वाटल्या. त्यांचं खरं काम कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतून अशाच पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांना डेन्ड्रायटिक हे नाव दिलं. स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झालं ३ ऑक्टोबर २०११ ला. ते ३० सप्टेंबरलाच वारले होते आणि निवड समितीला त्याची खबर नव्हती. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर त्यांनी साडेचार वर्षं काढली आणि त्या काळात स्वतःच्या डेन्ड्रायटिक पेशींपासून बनवलेल्या लसीही घेतल्या. उपचार विकणारे ही गोष्ट हमखास सांगतात. त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही चालू होती, हे मात्र गाळतात. एका माणसाच्या आजारावरून औषध सिद्ध होत नाही, मग तो माणूस नोबेलवाला का असेना.

आता काम कसं चालतं ते. कातडीत, नाका-आतड्याच्या अस्तरात, फुफ्फुसात या पेशी हात पसरून बसलेल्या असतात आणि आजूबाजूचं जे सापडेल ते गिळत राहतात: मेलेल्या पेशींचा चुरा, जंतू, लसीतलं प्रथिन. गिळलेल्या प्रथिनाचे बारीक तुकडे करून ते एमएचसी नावाच्या रेणूवर बाहेर मांडतात. एवढ्यानेच भागलं असतं तर आपण रोज स्वतःच्याच मेलेल्या पेशींवर तुटून पडलो असतो. तसं होत नाही, कारण नुसता तुकडा दाखवला तर टी-पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) उलट शांत होतात. ‘याच्याकडे लक्ष देऊ नको’ असाच त्याचा अर्थ त्या घेतात.

लढाईचा निरोप जायला धोक्याची खूण लागते. जंतूच्या भिंतीचा अंश, विषाणूचा आरएनए, फुटलेल्या पेशीतून सांडलेला डीएनए यांपैकी काही टोल-लाइक रिसेप्टरसारख्या संवेदकांना लागलं की डेन्ड्रायटिक पेशीचं रूपच पालटतं. गिळणं मंदावतं. सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू अंगावर भराभर वाढतात. सीसीआर७ नावाचा रिसेप्टर उगवतो आणि त्याच्या आधारे ती लसिकावाहिनी धरून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघते. दंडावर टोचलं तर काखेतल्या, पायाला लागलं तर जांघेतल्या. पोचायला साधारण एक ते तीन दिवस. तिथे तिला जी टी-पेशी हवी असते, म्हणजे नेमका तोच तुकडा ओळखणारी, ती लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते; म्हणून ती एकामागून एक, तासाला शेकडो टी-पेशी चाचपून पाहते. जोडी जमली की, तुकडा हा पहिला आणि सीडी८०-८६ हा दुसरा, त्यानंतरचा तिसरा संदेश सुटतो. इंटरल्यूकिन-१२ भरपूर असेल तर मारेकरी टी-पेशी तयार होतात, दुसरी रसायनं असतील तर अँटिबॉडीला मदत करणाऱ्या.

यांतही जाती आहेत. सीडीसी-१ नावाची जात कॅन्सर आणि विषाणूंविरुद्ध मारेकरी टी-पेशी उठवण्यात तरबेज. सीडीसी-२ मदतनीस टी-पेशी उठवते. प्लाझ्मासायटॉइड नावाची जात विषाणू दिसला की इंटरफेरॉनचा लोंढा सोडते. या सगळ्या मिळून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक टक्काही भरत नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ग्रंथीपर्यंतचा प्रवास, तिथली शोधाशोध आणि मग टी-पेशी व अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींची वाढ, यात आठवडा ते दोन आठवडे जातात. रेबीजच्या लसीने अँटिबॉडी दिसायला म्हणूनच सात ते चौदा दिवस लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची असेल, तर तेवढे दिवस विषाणूला मोकळं सोडता येत नाही. त्यासाठी तयार अँटिबॉडी, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत आणि जखमेभोवती भरतात: घोड्याची असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाची असेल तर २०. त्याआधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेत जाऊ देऊ नका.

आता त्या ०.१ मिलिकडे. दंडाच्या स्नायूत डेन्ड्रायटिक पेशी तुरळक असतात. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात दर शंभर पेशींमागे तीन ते पाच लांगरहान्स पेशी असतात आणि त्याखालच्या थरात इतर जातीच्या डेन्ड्रायटिक पेशींची वस्ती. स्नायूत द्यायचं तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी एकेक पूर्ण बाटली, अशा पाच बाटल्या लागतात. कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन ठिकाणी ०.१ मिलि, म्हणजे सगळी मिळून ०.८ मिलि. संरक्षण तेवढंच मिळतं. अट एकच: लस कातडीतच राहिली पाहिजे.

आणि इथेच हात चुकतो. सुई दहा-पंधरा अंशांत, जवळजवळ आडवी, तिचं तिरकस तोंड वर; दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. तोंड कातडीआड गेलं की थांबायचं आणि हळूहळू दाबायचं. दाबताना विरोध जाणवलाच पाहिजे. बरोबर बसलं तर फिकट, कडक फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. दट्ट्या लोण्यात गेल्यासारखा सरकला आणि फुगवटा आलाच नाही, तर लस चरबीत गेली. तो डोस धरायचा नाही, शेजारी थोडं अंतर सोडून पुन्हा द्यायचा. नंतर चोळायचं नाही.

सिरिंजचा घोटाळा याहून वाईट, कारण तो कुणाला दिसत नाही. इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या येतात. ४० युनिटवालीवर ०.१ मिलि म्हणजे ४ युनिटची खूण. १०० युनिटवालीवर १० ची. एकीची सवय असलेल्या हातात दुसरी आली आणि ‘चारपर्यंत भरायचं’ हेच डोक्यात राहिलं, तर पेशंटला ०.०४ मिलिच मिळते. फुगवटाही उठतो, छोटासा, आणि सगळं ठीक वाटतं. झाकणाचा रंग पाहण्यापेक्षा नळीवर छापलेला आकडा वाचा.

उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवायची असते. दिवसाला एकच पेशंट येणाऱ्या केंद्रात त्यामुळे उरलेली लस वाया जाते. म्हणून काही ठिकाणी तिसऱ्या-सातव्या दिवसाचे पेशंट एकाच वेळी बोलावतात. बोलवा, पण ज्याचा पहिला दिवस आहे त्याला बाटली उघडायची नाही म्हणून परत पाठवू नका. आणि ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने किंवा आजाराने खचलेली आहे, त्याला राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्नायूतलाच पूर्ण कोर्स द्यायचा आणि दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे रक्त न आलेल्या ओरखड्यासारख्या, जखमेलाही इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं.

क्षयावरच्या बीसीजी लसीचंही मर्म हेच. जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर कातडीत ०.०५ मिलि, महिन्याच्या पुढे ०.१ मिलि. तान्ह्या बाळाची कातडी इतकी पातळ की ०.१ मिलि मावत नाही आणि लस खाली घसरते. खाली गेली की गळू होण्याची आणि काखेत अवधाण येण्याची शक्यता वाढते. दोन-तीन आठवड्यांनी येणारी पुटकुळी, मग उथळ जखम, मग वण, हे सगळं अपेक्षितच आहे. त्यावर पावडर, मलम, पट्टी काही नको. काखेतली लहान गाठ म्हणजे जंतूचा अंश घेऊन पेशी तिथवर पोचल्याची खूण. ती नुसती बघत राहायची. मोठी होऊन मऊ पडली तर डॉक्टरांकडे, पण गावात कुणाला चिरू देऊ नका. चिरलेली जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. वण उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा बीसीजी द्यायची गरज नाही.

धोक्याच्या खुणेचा विषय शीतसाखळीत, म्हणजे लस थंड ठेवत पोचवण्यातही, लपलेला आहे. बीसीजीत जिवंत जंतू असतो, त्यामुळे खूण तिच्यातच असते. पण टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस-बी आणि पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंटच्या बहुतेक घटकांत जंतूचा शुद्ध केलेला भाग असतो, आणि नुसत्या शुद्ध प्रथिनाला शरीर फारसं जुमानत नाही. म्हणून त्यांत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात. ही युक्ती १९२६ पासूनची, पण ती का चालते याचा उलगडा फार उशिरा सुरू झाला. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी याला प्रतिकारशास्त्रज्ञांचं ओशाळवाणं गुपित म्हटलं आणि जंतूची खूण ओळखणारे संवेदक असले पाहिजेत असा तर्क मांडला, जो पुढे खरा ठरला. अ‍ॅल्युमिनियमचे कण प्रथिनाला धरून ठेवतात आणि तिथल्या पेशींना डिवचतात.

लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि लस निकामी होते. आपल्याकडे गंमत अशी की मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हातही हे घडतं. ऊन आहे म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले टणक आइसपॅक थेट लसवाहकात भरले जातात आणि उपकेंद्रावर पोचेपर्यंत पेंटाव्हॅलंट गोठते. आइसपॅक बाहेर ठेवून त्याला घाम फुटू द्या आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलेलं ऐकू येऊ द्या, मगच भरा. बाटलीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता सांगतो, गोठणं सांगत नाही. शंका आली तर हलवून बघायची चाचणी: त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवा, संशयित बाटलीसोबत जोरात हलवा आणि दोन्ही अर्धा तास शेजारी ठेवा. संशयित बाटलीचा गाळ गोठवलेल्या बाटलीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसत असेल तर ती सगळी पेटी बाजूला काढा.

गडचिरोली-चंद्रपूरकडे कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांसाठी एक नोंद. एकाच जंतूचे दोन टोकांचे आजार तिथे दिसतात: एखादाच बधिर चट्टा, किंवा अंगभर गाठी आणि कातडीत जंतूंचा सुकाळ. पहिल्या प्रकारच्या चट्ट्यात डेन्ड्रायटिक पेशी भरपूर सापडतात, दुसऱ्यात फार कमी. जंतू तोच, निरोप गेला की नाही यात फरक.

आता कॅन्सर. गाठीतल्या पेशी बदललेली प्रथिनं तयार करतात, म्हणजे दाखवायला तुकडे आहेत. पण गाठ धोक्याची खूण दाबून टाकते. आयएल-१० (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन), टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ ही रसायनं सोडून ती डेन्ड्रायटिक पेशींना अर्धवट वाढलेल्या अवस्थेत अडकवते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ सोडून सीडीसी-१ ला बोलावणाऱ्या नैसर्गिक मारेकरी पेशींनाच गप्प करते. मग निरोप जातो तो उलटा: इकडे लक्ष देऊ नका.

डेन्ड्रायटिक पेशींच्या लसीमागचा विचार इथूनच आला. शरीरात त्यांची शाळा बिघडली असेल तर बाहेर काढून, नीट शिकवून परत सोडू. रक्तात त्या एक टक्क्याहून कमी, म्हणून थेट गोळा करणं परवडत नाही, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून बनवतात. पेशंटला यंत्राला जोडून तीन-चार तासांत आठ-दहा लिटर रक्त फिरवतात, पांढऱ्या पेशी ठेवून बाकी परत करतात. मोनोसाइट वेगळे करायचे दोन मार्ग: प्लास्टिकच्या तळाला दोन तास चिकटू देणं, किंवा त्यांच्यावरच्या सीडी१४ या रेणूला धरणारे चुंबकी मणी. पुढे ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पाच-सहा दिवस, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही वाढीची रसायनं घालून. मधे तिसऱ्या दिवशी निम्मं माध्यम बदलून ताजं घालतात. आयएल-४ चा जोर कमी पडला तर पेशी मॅक्रोफेज या दुसऱ्याच भक्षक पेशीकडे वळतात. तळाला घट्ट चिकटतात आणि सीडी१४ जात नाही.

मग तुकडे खाऊ घालणं. पेशंटचीच गाठ शस्त्रक्रियेत मिळाली असेल तर ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात, असं पाच-सहा वेळा, म्हणजे पेशी फुटून रस मिळतो. त्या रसात जंतूंचं एंडोटॉक्सिन शिरलं तर डेन्ड्रायटिक पेशी खाण्याआधीच प्रौढ होतात आणि नीट गिळतच नाहीत. शेवटी प्रौढ करायचं मिश्रण: टीएनएफ, आयएल-१बीटा, आयएल-६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२, एक-दोन दिवस. हो, तेच प्रोस्टाग्लँडिन, जे गाठ आपल्या फायद्यासाठी सोडते. त्याने सीसीआर७ चांगला उगवतो आणि पेशी चालायला लागतात, पण आयएल-१२ घटतं. ही देवाणघेवाण अजून कुणाला पूर्ण चुकवता आलेली नाही. माझ्या मते या तंत्राचं मोठं दुखणं तेच आहे.

तयार माल तपासूनच सोडायचा: निदान ७० टक्के पेशी जिवंत, सीडी८३, सीडी८६ आणि एचएलए-डीआर हे प्रौढपणाचे रेणू वर, सीडी१४ खाली; बुरशी, जिवाणू, मायकोप्लाझ्मा नाही. इतकं करून कातडीत एक कोटी पेशी टोचल्या तरी लसिका ग्रंथीपर्यंत पोचतात पाच टक्क्यांहून कमी, बाकी टोचल्या जागीच मरतात. थेट लसिका ग्रंथीत टोचण्याचा उपाय करून पाहिला, तर २००५ च्या एका एमआरआय अभ्यासात सोनोग्राफी लावूनही जवळपास निम्म्या पेशंटमध्ये सुई ग्रंथीबाहेर गेल्याचं दिसलं. २०१५ मध्ये मेंदूच्या कॅन्सरच्या १२ पेशंटवरच्या अमेरिकन प्रयोगात आधी त्याच जागी टीडीची लस टोचली, तेव्हा जास्त पेशी लसिका ग्रंथीपर्यंत पोचल्या. आपल्या उपकेंद्रातली साधी धनुर्वाताची लस! प्रयोग लहान आहे, त्याच्या भरवशावर कुणी स्वतःहून काही करू नये.

निकाल काय? प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी सिप्युल्यूसेल-टी या पेशी-उपचाराला अमेरिकेत २९ एप्रिल २०१० रोजी परवानगी मिळाली. ५१२ पेशंटच्या चाचणीत सरासरी आयुष्य (मध्यक) २१.७ वरून २५.८ महिने झालं, म्हणजे सुमारे चार महिने जास्त. गाठी मात्र लहान झाल्या नाहीत. किंमत तेव्हा तीन डोसांची मिळून ९३,००० डॉलर होती. बाकीच्या कॅन्सरांत बरेच प्रयत्न झाले. या पेशी देणं सुरक्षित आहे, त्रास बहुधा तापापुरता, हे निर्विवाद. पण ‘सुरक्षित’ आणि ‘गुणकारी’ हे शब्द जाहिरातीत मुद्दाम एकाच ओळीत बसवलेले असतात.

कुणी असा उपचार सुचवला तर तीन कागद मागा. औषध नियंत्रकांची परवानगी, आणि ती नेमक्या याच कॅन्सरसाठी आहे का. परवानगी नसून चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांप्रमाणे संशोधनाचा खर्च पेशंटवर टाकायचा नसतो, तेव्हा ‘चाचणी आहे आणि लाखो रुपये लागतील’ हे एकत्र बसत नाही. तिसरा कागद पेशी सोडण्यापूर्वीच्या तपासणीचा: जिवंतपणा, सीडी८३, निर्जंतुकता. जो हे द्यायला कचरतो त्याच्याकडून उठा.

आणि आपल्याकडचा कॅन्सर बहुतेक वेळा तोंडाचा, खर्र्‍याचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून गालात ठेवायचा, दिवसभर. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा चट्टा असेल, किंवा फोड तीन आठवड्यांत भरत नसेल, तर त्याच आठवड्यात सेवाग्राम, सावंगी, नागपूर जे जवळ असेल तिथे दाखवा. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. डेन्ड्रायटिक लसीसाठी ती लांबवणं म्हणजे पेशंटचं थेट नुकसान.

पसरलेल्या, परत उलटलेल्या कॅन्सरसाठी जो प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे तो वेगळाच. टी-पेशीवरचा पीडी-१ हा ब्रेक काढणारं निवोलुमॅब हे औषध पूर्ण डोसात आपल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटच्या चाचणीत निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या तीन गोळ्यांच्या, म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या, जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ निवोलुमॅब देऊन पाहिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिग्रॅ असतो. वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवरच्यांत १६.३ टक्के, तर निवोलुमॅबवाल्यांत ४३.४ टक्के होतं. इतक्या कमी डोसात चालण्याचं कारण असं की किलोमागे ०.३ मिग्रॅच्या आसपासच पीडी-१ ची बहुतेक जागा भरते. ५० किलोच्या माणसाला २० मिग्रॅ म्हणजे किलोमागे ०.४. चाळीस मिग्रॅची बाटली एकाच दिवशी दोघांत वाटता येते, रेबीजच्या बाटलीसारखी. डेन्ड्रायटिक पेशी या गोष्टीत बाजूला नाहीत: उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांच्या आयएल-१२ शिवाय पीडी-१ चं औषध लागू पडत नाही, आणि सेलेकॉक्सिब प्रोस्टाग्लँडिन ई-२ कमी करतं. या चाचणीतला फायदा त्याच वाटेने आला असं सिद्ध झालेलं नाही, पण जोड नजरेआड करण्यासारखी नाही.

मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर बीसीजी हीच जुनी इम्युनोथेरपी आहे, १९७६ पासूनची. गाठ खरवडल्यावर निदान दोन आठवड्यांनी सुरू, आठवड्यातून एकदा असे सहा वेळा, नळीने आत सोडून दोन तास धरून ठेवायची. लघवीतून रक्त जात असेल किंवा नळी घालताना जखम झाली तर त्या दिवशी देत नाहीत, कारण जिवंत जंतू रक्तात जातो. घरी आल्यावर सहा तास बसूनच लघवी करावी, दर वेळी संडासात लघवीइतकंच ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी टाकावं. घरात तान्हं बाळ असेल तर हे कटाक्षाने पाळा.

शेवटी डेक्साबद्दल. अंगदुखी, ताप, अशक्तपणा, कशालाही गावात जे ‘ताकदीचं’ इंजेक्शन मिळतं त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. प्रयोगशाळेत डेन्ड्रायटिक पेशींना मुद्दाम थंड, सहनशील बनवायचं असतं तेव्हा हेच औषध वापरतात. इम्युनोथेरपी चालू असणाऱ्याने म्हणूनच सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. उलट कॅन्सरच्या डॉक्टरांनीच स्टिरॉइड लिहिलं असेल, मेंदूवरच्या सुजेसाठी किंवा निवोलुमॅबच्या दुष्परिणामासाठी, तर ते मनाने बंद करू नये.

निवोलुमॅबवर असताना नेहमीपेक्षा दिवसाला चार जुलाब जास्त झाले, किंवा नवा कोरडा खोकला आणि दम लागला, तर ते औषधामुळे सुटलेल्या टी-पेशींचं काम असू शकतं. सलाईन लावून आणि जुलाब थांबवायची गोळी देऊन घरी बसवू नका, त्याला वेळेवर स्टिरॉइडच लागतं. थायरॉइडचा टीएसएच दर काही डोसांनी बघावा लागतो, कारण थकवा ‘केमोचाच’ समजून सोडून दिला जातो. इंजेक्शनचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहून घ्या, म्हणजे रात्री तालुक्याला न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला ते शोधत बसावं लागणार नाही.